खपली धरेपर्यंत

३ ऑगस्ट, सांगली

हो म्हणाला! शेवटी दादा हो म्हणाला.

गुडघ्याचं ऑपरेशन करून घे म्हणून किती वर्षं मागे लागले होते. डावा गुडघा इतका झिजलाय की मेंढरांमागं चालताना पाय बाहेर वाकतो. तरी विचारलं की "चालतंय की." आज जतहून फोन. एवढंच म्हणाला, "बने, तू बोलतीस लय चांगलं. म्हनून येतो. पर एकदाच येनार. परत न्यायला आलीस तर काठीनं हाकलीन."

मेंढ्यांच्या जागी मी! चालेल. एकदा पुरे आहे.

६ ऑगस्ट

दादाला मिरजेला दाखवून आणलं. सोबत बयावैनी आणि त्यांचा मुलगा तानाजी. तो फौजेत हवालदार आहे, खास यासाठी रजा काढून आलाय.

डॉ. ऋषिराज तरुण आहेत. आवाज इतका हळू की माझ्यासारखे व्याख्यानाला व्यासपीठावर उभे राहिले तर दुसऱ्या रांगेपासून लोक उठून जातील. पण सांगतात स्पष्ट. म्हणाले, गुडघा बदलणं अवघड नाही, जखम सांभाळणं अवघड. कातडीवर जंतू सगळ्यांच्याच असतात. वर आहेत तोवर काही बिघडत नाही. चिरेतून आत गेले आणि नव्या सांध्याला चिकटले की तिथं औषध नीट पोचत नाही. मग सांधाच काढावा लागतो.

दादा भिंतीकडं बघत बसला. त्याला वस्तीवरचा गुंडा आठवला असणार. गुंडाच्या पायाचं ऑपरेशन झालं, घरी आल्यावर त्यानं पट्टी सोडून पाला बांधला. पू झाला, परत चिरलं. आता पाय दांडक्यासारखा सरळ, वाकतच नाही. बसला की पाय पुढं, आणि लोक ओलांडून जातात.

औषधी साबणाची बाटली दिली. आदल्या संध्याकाळी एक आंघोळ, सकाळी निघताना दुसरी. नंतर तेल नाही, पावडर नाही, पायाला काही म्हणजे काही नाही. केस घरी काढू नका, गरज लागली तर आम्ही काढू.

वैनी मधेच म्हणाली, "आन् बिरोबाचा भंडारा, सायेब?"

"कपाळाला लावा. पायाला नको."

मी तिथंच सुरू झाले असते. तानाजीनं माझा हात दाबला — "आत्ती, हितं सभा न्हाई."

७ ऑगस्ट

ऑपरेशन तेरा तारखेला. दादाचा निरोप — "मेंढरं भावकीत सोपवली. आता माघारी न्हाई."

१० ऑगस्ट

जखमा आणि जंतू यावर मिळेल ते वाचतेय. पावणेदोनशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात एक डॉक्टर होता. बाळंतिणी का मरतात ते त्यानं शोधलं — डॉक्टरांचे हात! हात धुवा म्हणाला, मरणं कमी झाली. तरी बाकीचे डॉक्टर चिडलेच. मग तोही चिडला. विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हणाला. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि ओरडून सांगितल्यावर कुणी ऐकलं नाही.

मला तो माणूस फार आवडला.

१२ ऑगस्ट

संध्याकाळी तानाजीचा फोन. दादानं आंघोळीच्या आधी स्वतःच कातर घेऊन पायाचे केस कातरले — मेंढ्यांची लोकर कातरतो ती कातर! का, तर "डॉक्टरनं आपल्या पायाचं क्यास काडायचं? बरं दिसतं का ते?" आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. "माझी लोकर मीच कातरनार!"

हसू आवरेना. मग तानाजीला ते काम अर्धवट वाटलं. त्यानं वस्तऱ्याला नवं पातं लावून, साबणाचा फेस करून मांडीपासून घोट्यापर्यंत पाय घोटला. "आत्ती, असला चकाचक केलाय की परेडला न्हेला तर सायेब सलाम ठोकंल."

म्हटलं, शाब्बास! डॉक्टर 'आम्ही काढू' म्हणाले होते खरं, पण तयार करून नेलं तर त्यांचा वेळ वाचेल. शिकलेला मुलगा घरात असला की असा फरक पडतो.

१३ ऑगस्ट, मिरज

ऑपरेशन झालं नाही.

सकाळी तपासणीच्या खोलीत दादाचं धोतर बाजूला केलं तर गुडघा पिवळाधमक! वैनीनं आंघोळीनंतर मूठभर भंडारा चोळलेला. त्याचं कपाळ पिवळं, गुडघा पिवळा, वैनीच्या पोलक्यावर काखेपाशीसुद्धा पिवळा डाग. जिकडं बघावं तिकडं बिरोबा!

मग मी थांबते होय? बोललेच. विज्ञान एका बाजूला आणि हळदीची मूठ दुसऱ्या बाजूला; माणूस मरणाच्या दारात असतानाही आपण देवाला मधे घालतो; आपल्या अडाणीपणाला श्रद्धा म्हणायचं कवर? दारात पाचपंचवीस माणसं जमली. एक म्हातारा मान डोलवत होता. वैनी खाली बघून पदर अंगाभोवती आवळत राहिली.

डॉ. ऋषिराज मी थांबेपर्यंत थांबले. मग ओला कापूस घेऊन भंडारा पुसला, पाय उजेडात धरला.

"मॅडम, भंडारा धुता येतो," म्हणाले. "हे धुता येत नाही."

खाली बारीक लाल रेघा. वस्तऱ्याच्या. गुडघ्याच्या वाटीभोवती तर तीन-चार ठिकाणी कातडी सोललेली. दादाचं चामडं उन्हातलं, सुरकुतलेलं — त्यावर पातं सरळ चालणार कुठं?

रात्रभर या चिरांत जंतू वाढलेत, म्हणाले. इथून मी पाय उघडणार नाही. "कातरीवर थांबला असतात तरी एक वेळ चाललं असतं. आम्ही मशीननं केस कापतो ते यासाठीच, पातं कातडीला लागत नाही. वस्तरा नको." खपली धरू दे, गळून पडू दे, मग या.

तानाजी सावधान उभा असल्यासारखा उभा. चेहरा पडलेला.

दादानं पटका बांधला. "देवानं माघारी लावलं," म्हणाला. वैनीनं हात जोडले. जीप निघून गेली.

१४ ऑगस्ट

लिहावंसं वाटत नाही. वैनीला सगळ्यांसमोर बोलले.

१७ ऑगस्ट

तानाजीचा फोन. रजा संपली, उद्या निघणार. "आबा न्हाईच म्हंत्यात. एकदा म्हनलो हुतो, एकदा गेलो, झालं म्हंत्यात." "आत्ती, मी निस्तं चांगलं करायला गेलो."

म्हटलं, शाब्बास मीच म्हणाले होते रे.

दादा आजपासून परत मेंढरांमागं. वाकड्या पायानं.

२० ऑगस्ट, सातारा

इथं बायकांच्या मेळाव्यात व्याख्यान होतं. विषय महिन्यापूर्वीच दिलेला — 'श्रद्धा आणि आरोग्य'. येताना एसटीत भाषण मनात जुळवत आले. सुरुवात तयार होती: एक मेंढपाळ, एक ऑपरेशन आणि एक मूठ भंडारा, आणि ऑपरेशन रद्द! टाळ्या नक्की. यात एक शब्दही खोटा नव्हता. नुसता वस्तरा गाळायचा होता.

उभी राहिले आणि वस्तराच सांगितला.

सभागृह हसलं. टाळ्या कमी. शेवटी एक बाई उठल्या — "म्हणजे बाई, भंडारा लावायला हरकत नाही म्हणता?"

म्हटलं, "जखमेला हरकत आहे, आणि राहील. पण त्या दिवशीचा गुन्हेगार तो नव्हता."

परत येताना स्टँडवर चहा घेतला. बरं वाटलं.

२४ ऑगस्ट, दादाची वस्ती

काल आले. पाऊस इकडं फिरकलेला नाही. सकाळी टँकर आला तशी घागरींची झुंबड. वैनी दोन्ही घागरी उजव्या हातानं एकेक करून आणत होती. मी धावले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वन्सं, सवय हाय."

तिला म्हटलं, वैनी, त्या दिवशी मी चुकले. ती म्हणाली, "तुमी बोलनारच. पाऊस पडनार, कोंबडा आरवनार, तुमी बोलनार." आणि चूल फुंकायला लागली.

दादाशी काल रात्री जेवताना सगळे मुद्दे मांडले. एकसुद्धा लागू पडला नाही. भाकरी मोडत ऐकत होता, जणू रेडिओ लागलाय.

आज सकाळी मेंढरांच्या वाड्याशी उभी होते. एक मेंढी वेगळी, लिंबाला बांधलेली. बगलेवर काळी खपली.

"हिला का रे बांधलंस?"

"कातरताना चिरा पडला."

"मग?"

"मग काय? माशी बसती, आळ्या पडत्यात. कळपात घासाघाशी. खपली धरंस्तवर सोडत न्हाई."

मी त्याच्या पायाकडं बघितलं. तोही बघायला लागला.

"डॉक्टरनं दुसरं काय केलं, दादा?"

बराच वेळ काठीनं माती उकरत होता. "म्हंजे त्यानं मला मेंढरू समाजलं?"

"चांगल्या जातीचं. माडग्याळी."

हसला! छातीतून खळखळून. मग एकदम गंभीर झाला. "बने, कातर चालली असती म्हनला का खरंच?"

"माझ्यासमोर."

"तान्याला फोन लाव. आत्ता लाव."

लावला. तिकडं गाड्यांचा आवाज, तानाजी छावणीत. दादा ओरडून — "तान्या! धनगराची कातर बरोबर, तुज्या मिलिटरीचा वस्तरा चूक! डॉक्टरनं सांगितलंय! ऐकतूयास न्हवं?" आणि फोन माझ्या हातात देत, "सांग त्या डॉक्टरला, येतो म्हनावं."

माझ्या एका मुद्द्यानंही नाही. बरं, नसू दे.

३ सप्टेंबर, सांगली

दादा-वैनी माझ्याकडं. या खेपेला आंघोळ माझ्या देखरेखीखाली. दादा न्हाणीत, मी दाराबाहेर: "साबण अंगावर थोडा वेळ राहू दे! मांडीला लावलास का? बोटांच्या बेचक्यात?" आतून आवाज, "म्हातारपनी न्हाऊ घालतीया, आईच्या वरची!" धुतलेला टॉवेल, धुतलेलं धोतर, धुतलेली चादर.

वैनी बाटली हातात घेऊन बसली होती. "वन्सं, ह्यातलं उरलं तर माघारी द्यायचं असतंय का?"

म्हटलं, नाही, फेकून दे. तिनं टोपण घट्ट लावून पिशवीत ठेवली. काही फेकवत नाही हिला.

४ सप्टेंबर, मिरज

झालं! सगळं ठीक!

कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला होता, त्यामुळं दादा जागा. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "पाय रंगवला की गं त्यांनी." आधी सलाइनमधून कसलंसं औषध सोडलं, मग चिमट्यात बोळा धरून पाय तांबड्या औषधानं माखला — "मेंढरावर वळखायला रंगाची खून करत्यात तसा, पर सगळाच्या सगळा. आन् वाळस्तवर समदी हात वर धरून हुबी. एवडी मोटी मानसं, कोन शिवंना का बोलंना. मी म्हनलं, फुका की लवकर वाळंल. तर डॉक्टर म्हनला, फुकायचं तर बिलकूल न्हाई, मामा."

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. वाळेपर्यंत थांबणं हाच औषधाचा अर्धा भाग.

संध्याकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा वैनीनं विचारलं, "चिरल्याली जखम अंगावर कुटंबी असली तरी अशीच भरती का, सायेब? बाईमानसाची बी?"

"भरते की मावशी. सांभाळली तर."

वस्तीवरच्या कुणासाठी तरी विचारत असणार.

७ सप्टेंबर

वॉकर धरून दादा संडासापर्यंत गेला. पाय सरळ पडतोय. वैनी मागून बघत म्हणाली, "लग्नात असंच चालत हुतं."

११ सप्टेंबर, सांगली

घरी आणलंय. माझ्याकडंच. टाके निघेपर्यंत वस्तीवर धूळ, माशा नकोत.

पण वस्तीच इथं आली! आज दुपारी जीप भरून माणसं. बायकांच्या हातात नारळ, अंडी. आणि जो तो गुडघ्याकडं हात: "बगू की, बगू की." हवापाण्याच्या गप्पा मारत पट्टी दाबून बघायची! मी दारात उभी राहिले. जंतू म्हणजे काय, हात म्हणजे काय, सगळं समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकही जागचा हलला नाही. गुंडानं तर आपला ताठ पाय पुढं करून पलंगाच्या कडेला बूड टेकवलं आणि दादावरची चादर उचलली.

वैनी स्वयंपाकघरातून आली. "आवं, हात काडा! पाय सोवळ्यात हाय. आदी साबनानं कोपरापतूर हात धुवायचं, मग लांबनं बगायचं. शिवायचं न्हाई."

गुंडाचा हात जागच्या जागी थांबला. सगळे उठले. बेसिनपाशी रांग! माझी साबणाची वडी निम्मी झाली.

जीप गेल्यावर मी वैनीला धरलं. हे काय होतं? सोवळं? या शब्दानं आपल्या लोकांना विहिरीपासून, देवळापासून किती पिढ्या लांब ठेवलं, माहिती आहे का तुला? तोच शब्द माझ्या घरात?

ऐकून घेतलं तिनं. नेहमी घेते. मग म्हणाली, "तुमी एवडं बोललासा, तवा कोन उठलं का?"

"नाही."

"मग टाकं निगंस्तवर वापरू. निगालं की टाकू शबूद. तुमच्याच हातानं टाका."

मला हे मान्य नाही. आजही नाही, टाके निघाल्यावरही नाही. पण साबणाची नवी वडी आणून ठेवलीय.

१५ सप्टेंबर

पट्टीवर डाग! तपकिरी, ओला, तळहाताएवढा. गुंडाचा पाय डोळ्यांपुढं. रिक्षात वैनी बिरोबाला हाका मारत होती, मी अडवलं नाही.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. वास घेतला. परत घेतला.

"मामा, चहा सांडला होता का?"

दादा छताकडं बघायला लागला. "...बशीतला. जरासा. बनी वरडंल म्हनून सांगितला न्हाई."

जखम कोरडी. नवी पट्टी घालून घरी. वाटेत मी हसत सुटले. मग दादानं रिक्षावाल्यालाही सगळी गोष्ट सांगितली, वस्तऱ्यापासून.

१९ सप्टेंबर

टाके निघाले. सरळ, सुकी रेघ. डॉक्टर म्हणाले, छान भरलंय. दादा काठीशिवाय दारापर्यंत गेला आणि परत आला.

घरी आल्यावर वैनीनं चिमूटभर भंडारा त्याच्या कपाळाला लावला. फक्त कपाळाला. मी पेपर वाचत होते.

परवा दोघं जतला जाणार.

२१ सप्टेंबर

सामान दारात बांधून ठेवलेलं. सकाळी उठले तर वैनी न्हाणीतून बाहेर येत होती. केस ओले, अंगाला दवाखान्याचा वास. हातात औषधी साबणाची ती बाटली, रिकामी.

म्हणाली, "वन्सं, छातीत गाठ हाय माज्या. डाव्या अंगाला. संक्रांतीपासनं. भंडारा लावत हुते."

पोलक्यावरचा तो डाग मी पाहिला होता. त्याच्यावर व्याख्यान दिलं होतं.

"आता धुऊन टाकलाय. काल सांजंला एक आंगूळ केली, आत्ता एक. वर कायबी लावलं न्हाई." बाटली माझ्या हातात दिली. "मला न्हेता का मिरजंला?"